दोरीवरची शाळा

शेजारच्या वहिनी छोट्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत आणि वर्षाचं वेळापत्रक त्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीवर आखतात. एकेका वर्गाचा एकेक मोजा, एकेका शिक्षकाचा एकेका रंगाचा चिमटा. मी आपला शेजारधर्म म्हणून बघत असतो. भोचकपणा म्हणणारे म्हणोत.

यंदा तिसरीच्या बाई निवृत्त झाल्या आणि वरून पैसे आले एकाच पगाराचे. तिसरीला नवीन बाई घ्या, नाहीतर चित्रकलेची पोरगी ठेवा. त्या पोरीचा पिवळा चिमटा वहिनी रविवारी सकाळपासून काढत होत्या आणि पुन्हा लावत होत्या.

"वहिनी, तुटेल तो आता!"

"तुटला तर बरंच होईल, भाऊजी. मला काढावा तरी लागणार नाही."

शेवटी त्यांनी टोकाच्या रुमालाचा पांढरा चिमटा काढून तिसरीच्या मोज्याला लावला.

"हा पांढरा कोण?"

"मीच. तिसरी मी शिकवीन."

"आणि रुमाल?"

"ते ऑफिसचं काम. घरी आणीन."

"मग आमच्या दादांना कुठला तास?"

"त्यांना कायमची मधली सुट्टी."

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि त्याच रुमालाने तोंड पुसता पुसता त्यांचा डोळा लागला. पिवळा चिमटा दोरीवर होता. धुतलेले कपडे मात्र अजून बादलीतच होते.