ओलीत झोपणारे कंद

स्नोड्रॉप हे फूल मी पहिल्यांदा पाहिलं ते फळ्यावर. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे सर निशिगंधाच्या कुळातली फुलं शिकवत होते. निशिगंध त्यांनी घरून आणला होता, नागदवणा ओढ्याकाठून. स्नोड्रॉपचं फूल मात्र त्यांनी खडूनं काढलं. मान खाली घातलेलं, तीन पाकळ्या बाहेर, तीन आत. मग म्हणाले, "पाकळीवर हिरवी खूण असते. पुस्तकातलं चित्र काळंपांढरं आहे, तेव्हा नेमकी कुठं ते मला सांगता येणार नाही. मी हे फूल पाहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिलं तर मला कळवा."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एवढा शिकलेला माणूस भर वर्गात 'मला माहीत नाही' म्हणतो याचं मला फार नवल वाटलं होतं. आपण ते फूल पाहायचं आणि सरांना कळवायचं, हे तेव्हाच मनानं घेतलं.

पुढं पोट भरलं ते रसायनशास्त्रानं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गल्फमधल्या रुवैसच्या रिफायनरीत, लॅबमध्ये नोकरी लागली. क्वार्टरच्या मागं चार पावलांची जागा होती. तिथं मी गोड वाळू, म्हणजे बागेसाठी मिळते ती बिनखारी वाळू, आणून टाकली आणि गावाहून नेलेले निशिगंधाचे कंद लावले. त्यांच्या वासानं पलीकडच्या गल्लीतल्या एका स्कॉटिश इंजिनिअरची बायको भिंतीशी येऊन उभी राहिली. वयानं माझ्या आईएवढी. मी त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांच्या घरी मी एक पातळ कॅटलॉग पाहिला. त्यात सगळे नुसते स्नोड्रॉप! दुहेरी पाकळ्यांचे, पिवळ्या देठाचे, लांब मानेचे. मला सगळे सारखेच दिसत होते. एकाच्या मात्र बाहेरच्या पाकळ्यांच्या टोकांवरही हिरवा थेंब होता. मी त्यावर बोट ठेवलं.

"आधी साधं घ्या," मॅडम म्हणाल्या. "साधं ओळखीचं झालं की मग हे."

पण आम्हा गल्फवाल्यांचा एक नियम असतो. एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्या, पुन्हा कोण घेणार आहे! मी त्या जातीचे दोन कंद मागवले.

"अहो, नव्वद दिरहम? दोन कांद्यांना?" माझी बायको म्हणाली. "म्हणजे साडेआठशे रुपये! एका फोडणीलासुद्धा पुरायचे नाहीत."

"कांदे नाहीत ते."

"मग लसूण म्हणा. त्याहून मोठे दिसत नाहीत."

मॅडम सुट्टीहून परतताना ऑक्टोबरात कंद घेऊन आल्या. ओलसर भुशात बांधलेले होते. आमच्याकडे कांदा असो, हळद असो, निशिगंध असो, कंद म्हटला की आधी वाळवायचा. ओला ठेवला की कुजलाच. मी भुसा झटकला, कंद वर्तमानपत्रावर पंधरा दिवस पंख्याखाली ठेवले आणि जाळीच्या पिशवीत घालून स्वयंपाकघरात टांगले. डिसेंबरात हवा गार झाल्यावर कुंडीत लावले. रोज ड्यूटीला जाण्याआधी वाकून पाहायचो. जानेवारी संपला तरी वर काही आलं नाही. उकरलं तर हातात नुसती सालं आली.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "वाळवले? कांद्यासारखे?"

"आमच्याकडे कंद वाळवल्याशिवाय ठेवत नाहीत, मॅडम."

"तुमचे कोरडे झोपत असतील. हे ओलीत झोपतात. जाणकार तर हे कंद सुके घेतच नाहीत, फुलून गेल्यावर पानांसकट घेतात."

माझ्या शेतकरी आईचं ज्ञान आणि माझी पदवी, दोन्ही त्या कुंडीत वाया गेली होती.

पुढच्या फेब्रुवारीत मॅडम आपल्या आईला भेटायला त्यांच्या गावी गेल्या. मी पुन्हा पैसे दिले, या वेळी बायकोला न सांगता. त्या परतल्या त्या ओल्या टॉवेलात गुंडाळलेली एक लहान कुंडी घेऊन. आत दोन रोपं होती, दोन्हींना कळ्या. एक मी मागितलेलं. दुसरं साधं, त्यांनी आपणहून घातलेलं.

मी कुंडी बेडरूममध्ये ठेवली आणि एसी शेवटच्या आकड्यावर नेला. बायको शाल घेऊन, मुलगी दोन ब्लँकेटं घेऊन झोपू लागली. तिसऱ्या सकाळी कळ्या उघडल्या.

"पप्पा, इट्स सो स्मॉल!" मुलगी म्हणाली.

खरंच लहान होतं. फळ्यावर सरांनी ते वीतभर काढलं होतं. हे माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंच मोठं. बायको बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढा जीव, आणि बर्फातून वर येतो म्हणे!" मी साध्या फुलाची मान बोटानं हलकेच वर केली. हिरवी खूण आतल्या पाकळ्यांवर होती, टोकाशी, उलट्या लहानशा कमानीसारखी. बाहेरच्या पाकळ्या कोऱ्या. नुसतं माझं महागाचं फूल पाहून सरांना लिहिलं असतं तर त्यांना चुकीचं कळलं असतं. त्याच दिवशी मी दोन्ही फुलांची चित्रं काढून पत्र टाकलं.

फुलं आठवडाभर टिकली. पानं हिरवी होती तोवरच मॅडम म्हणाल्या, "एप्रिलमध्ये आम्ही कायमचे परत चाललो. रोपं इथं ठेवलीत तर मे महिन्यात मरतील. माझ्याकडे दिलीत तर जगतील." मला ती द्यायची नव्हती. दोन दिवस मी विषय टाळला. तिसऱ्या दिवशी कुंडी नेऊन दिली.

सरांचं उत्तर आलं तोवर मॅडम गेल्या होत्या. सरांनी दोनदा आभार मानले होते. खाली लिहिलं होतं, "वास कसा आहे?"

मी वास घेतलाच नव्हता! "तू घेतलास का?" मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या एसीनं माझं नाक आठवडाभर बंद होतं."

मॅडमना पत्र लिहून विचारलं. पुढच्या फेब्रुवारीत त्यांचं उत्तर आलं. एका जुन्या झाडाखाली माझी दोन्ही रोपं फुलली होती, शेजारी नवी पिल्लंही आली होती. वासाबद्दल एकच ओळ: "या, आणि स्वतः घ्या."

जायचं ठरवलं तर पैसे साठवता आले असते. पण मुलीची शाळा, आणि आमची सुट्टी जुलै-ऑगस्टची. रुवैसमध्ये होतो तोवर दरवर्षी तेव्हाच, कारण शाळांना सुट्टी तेव्हाच. त्या महिन्यांत स्नोड्रॉप जमिनीखाली असतो. वर पानसुद्धा नसतं.