पिस्टनना लावलेलं कुंकू

लग्न होऊन मी जयनगरच्या घरी आले, तेव्हा नवऱ्याची जुनी मोटार ही माझी सवत आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा धूर सगळ्या गल्लीला ठाऊक होता. एका भाऊबीजेला तर तिनं कहर केला. सासूबाई होसकोट्याला धाकट्या भावाकडे निघाल्या आणि वाटेतच इंजिन बंद पडलं. बैलगाडीमागं बांधलेल्या मोटारीत, मांडीवर ओवाळायचं तबक घेऊन त्या परत आल्या. गुडघ्यांमुळं त्यांना बसमध्ये चढवत नसे, आणि भाऊ अंथरुणाला खिळलेले.

म्हणून पुढच्या दसऱ्याच्या रजेत आमच्या यांनी इंजिन खोललं. पिस्टन दांड्यांसकट बाहेर आले. जो पिस्टन ज्या सिलिंडरमध्ये झिजला तो तिथंच जायला हवा, आणि दांडीला क्रँकच्या फिरत्या आसावर धरून ठेवणारं खालचं अर्धं कडं ज्या दांडीचं तिलाच बसवायचं, असं यांनी मला बजावलं. अदलाबदल झाली की इंजिन अडकलंच. यांनी खडूनं आकडे घातले आणि सगळं पडवीत ओळीनं मांडलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, शेजाऱ्यांच्या बोलीत आयुधपूजा. हे फुलं आणायला गेले. इतके काळेकुट्ट पिस्टन सासूबाईंना पूजेत बघवेनात. त्यांनी ते रॉकेलनं, मग रिठ्याच्या पाण्यानं लख्ख घासले. कडी वेगळ्या ताटात रचली, पिस्टन गोलाकार मांडले आणि सगळ्यांना ओलं कुंकू लावलं. खरं सांगते, मला ते फार आवडलं.

हे आले, बघितलं आणि फुलांसकट पायरीवर बसले. पुजलेली हत्यारं त्या दिवशी हलवायची नाहीत, त्यामुळं नुसतं बघत बसणं आलं. घासण्यात खडूचे आकडेही गेले हे कळल्यावर सासूबाई जेवल्याच नाहीत.

"माझ्याच हातानं माझी भाऊबीज घालवली," एवढंच त्या म्हणाल्या. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की यांचाच राग आला. खडू तो काय, पुसला जाणारच.

दशमीला सकाळी कुंकू पुसता पुसता यांचा हात थांबला. दांड्यांवर बारीक ठिपक्यांत कुंकू रुतून राहिलं होतं. एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, आणि कड्यांवरही तसेच. पूर्वी कुणा मिस्त्रीनं ठोकलेल्या या खुणा काजळीखाली कधी दिसल्याच नव्हत्या. जोड्या पटापट जुळल्या आणि ठिपक्यांवरून सिलिंडरही कळले. पिस्टनवर चढवलेल्या नव्या रिंगांभोवती पत्र्याची पट्टी आवळून, पुढची बाजू पुढंच आहे ना हे बघून, यांनी पिस्टन हलकेच आत ठोकले. क्रँक हातानं फिरवून बघितला तर अगदी अलगद फिरला. खडूपेक्षा कुंकू बरं, असं सासूबाई मग गल्लीभर सांगत फिरल्या.

भाऊबीजेला मोटार धूर न ओकता होसकोट्याला पोचली. भावाला उशांचा टेका देऊन पाटावर बसवलं होतं.

"अक्का, गेल्या वर्षी मी दिवे लागेपर्यंत असाच बसलो होतो," ते म्हणाले.

 सासूबाईंनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि भावाच्या कपाळावर इतकं दाबून लावलं, की ते नाकापर्यंत ओघळलं. कुणीच ते पुसलं नाही.