वन्संचे तळवे

आमच्या वन्संना चटका बसत नसे. मे महिन्यात झाशीची गच्ची तव्यासारखी तापते; त्या तिथे अनवाणी उभ्या राहून निवांत कुरडया उलटायच्या. मी दारातच एका पायावर नाचत परात पुढे करायचे आणि मग शेजारणींना सांगत सुटायचे, "हमारी दीदीजी को देवी का वरदान है." तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. त्या वयातही बाई किती बावळट असू शकते, याचा दाखला बाहेर शोधायला नको.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आणि कुणाकडे काही मागायचं नाही हा बाणा. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायच्या. मधुमेह होता, तो अंगावर काढला. तळव्याला जखम झाली तीही त्यांना कळली नाही. फरशीवरचे डाग पुसताना मला कळली.

डॉक्टर तरुण होता. साखरेने पायाच्या नसा मेल्यात, म्हणून चटका कळत नाही, असं त्याने समजावलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ह्याला वरदानातलं काय कळतंय!

जखम महिनोन्‌महिने भरेना. मग त्याने वेगळा उपाय काढला. दंडातून रक्त घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, आणि त्यातला प्लेटलेटचा पिवळसर भाग जखमेवर लावायचा. "अम्माजी, आपका ही ख़ून है, घबराइए मत." वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरातलाच माणूस ह्या खोलीतून त्या खोलीत. पाहुणचाराचा प्रश्न नाही."

रुपयाएवढी जखम हळूहळू हरभऱ्याच्या डाळीएवढी झाली. डॉक्टरने एकच बजावलं होतं, जाड तळाची चप्पल काढायची नाही.

देवीचे आभार मानायची घाई मला. शुक्रवारी भर दुपारी वन्संना लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या देवळात नेलं. पायरीशी त्या थबकल्या. "अगं, मी इथूनच हात जोडते. चप्पल नको काढायला."

"देवीच्या दारात चप्पल? आणि तुम्हाला कुठं चटका बसतो!"

मीच खाली बसून पट्टे सोडले. तापलेलं अंगण मी उड्या मारत ओलांडलं. त्या मागून सावकाश आल्या.

संध्याकाळी पट्टीबरोबर तळव्याची कातडी निघाली. डॉक्टरने कपाळाला हात लावला. "चप्पल किसने उतरवाई?" मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "मैंने. ये तो मना कर रही थी." गणिताच्या बाईंनी दिलेलं ते एकच चुकीचं उत्तर. मी ते दुरुस्त केलं नाही.

पाय गुडघ्याखालून कापावा लागला. त्यानंतरही पाणी मागत नसत, नुसत्या तांब्याकडे बघत. मी धावायचे. एकदा माझे डोळे बघून म्हणाल्या, "रडतेस कशाला? मला कुठं दुखतंय!" दिवाळीआधी गेल्या.

आता मलाही साखर आहे. परवा गच्चीवर चुकून अनवाणी पाऊल पडलं आणि मी किंचाळले. नात धावत आली, "आजी, क्या हुआ?" तिला उत्तर द्यायच्या आधी मी दुसरा पाय टेकवून पाहिला. तोही भाजला, तेव्हा कुठे सावलीत आले.