हातभर सुती कापड

विहिरीजवळ घर आणि घसा कोरडा, अशी गत कुणाची असेल तर ती कोरीटच्या कौसाबाईची. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज ती लोकांच्या शेतात कापूस वेचायची. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटायची, घरी आल्यावर केसांतून कापूस झटकावा लागायचा, आणि घरात हातभर सुती कापड नव्हतं.

तसं कापड होतं, रग्गड होतं. जावई कुंदन सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गाठोडी बांधायचा आणि येताना कापलेल्या तुकड्यांची गोणी घेऊन यायचा. जांभळे, पोपटी, चमकीचे, सगळे पॉलिस्टर. त्यांतून कौसाबाईनं अर्ध्या गल्लीला गोधड्या शिवून दिल्या होत्या. पण या खेपेची गोधडी वेगळी होती. तिची लेक चेतना बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, त्यामुळे यावेळी सगळ्यांचा जीव टांगणीला. आणि बाळाची पहिली गोधडी आजोळची, तीही वापरून मऊ झालेल्या सुती कापडाची. बारसं होईपर्यंत नवं कापड बाळाच्या अंगाला लावायचं नाही, ही गावची रीत. रीत घालणाऱ्यांच्या काळात बायका सुती लुगडी नेसत होत्या. आता कौसाबाईच्या दोरीवर वाळणारी प्रत्येक साडी सुरतेची.

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीला तिनं विचारलं, शेजारी विचारलं. शेवटी एक दिवस मजुरी बुडवून नंदुरबारला जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली. गोण्यांच्या थप्पीमागे खरंच सुती चादरींचा एक गठ्ठा होता. तिनं हात लावून पाहिला. अगदी हवा तसा.

"त्याले हात नका लावू, माय," व्यापारी म्हणाला. "ते गॅरेजवालानं शे. जुनं सुती जितलं येस तितलं ते लोक पुसाले लई जातस. पॉलिस्टर ऑइल पेस नही."

"मन्ही अंडेरनं बाळंतपण शे, भाऊ. त्यामातून हातभर निवडी दे."

"गठ्ठा फोडता येस नही. लेनं व्हई ते आख्खा ल्या."

आख्खा गठ्ठा म्हणजे तिची चार दिवसांची मजुरी, आणि घरात तर मिठापासून सुरुवात. ती उठली. ट्रकच्या इंजिनाला मऊ सुती चादर आणि आपल्या नातवाला नाही, या विचारानं बसमध्ये तिला इतका राग आला की कंडक्टरवरच ती उगाच खेकसली.

घरी आल्यावर तिनं पेटी उघडली. तळाशी उखाची दोन धोतरं होती. उखा, तिचा नवरा, जन्मभर एकाच मालकाकडे सालदार. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालक एक धोतर द्यायचा, तेवढंच त्याचं चैनीचं. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा रीतीप्रमाणे त्याचे कपडे देऊन टाकले. ही दोन मात्र तिनं चोरून ठेवली होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. धुऊन धुऊन ती सायीसारखी मऊ झाली होती.

दुसऱ्या दिवशी एक धोतर तिनं उकळत्या पाण्यात घातलं, वाळवलं, आणि ओसरीत अंथरून वीत-वीत मोजत बाळाच्या मापाचा तुकडा कापला. तेवढ्यात शेजारची म्हातारी धनुबाई आत आली.

"कौसा, हाई काय करी ऱ्हायनी तू? हाई उखानं धोतर शे ना? मरेल माणूसनं कापड लेकरूना आंगले? एक गयं तेवढं पुरं नही का?"

धनुबाई काही वाईट बाई नव्हती. चेतनाच्या पहिल्या वेळी तीच दोन रात्री उशाशी बसली होती. पण तिचं बोलणं आतल्या खोलीत गेलं आणि चेतना पोट धरून दारात आली.

"माय, नको. मन्ही आन शे तुले."

लेकीच्या शपथेपुढे कौसाबाईचं काय चालणार! तिनं तुकडा घडी करून पेटीत ठेवला आणि पोपटी पॉलिस्टरच्या जुन्या साडीला दोरा घातला. टाके मात्र असे बारीक घातले की धनुबाईनंही कौतुक केलं.

बाळ महिनाभर आधीच आलं. मुलगा, दोन किलोलाही कमी. ऐन पौषातली थंडी होती. दवाखान्यातून घरी आल्यावर आरोग्य केंद्राची आशाताई रविना रोज यायची. "कोरडं ठेवा, उबदार ठेवा, छातीशी धरा. सुती कापडात गुंडाळा," ती सांगायची. कौसाबाई मान हलवायची. सुती कुठून आणू, हे विचारायची तिला लाज वाटली. त्या गोधडीत ओल मुरायचीच नाही, बाळाच्या पाठीखाली साचून राहायची. ती दर तासाला हात घालून बघायची, बदलायची, पुन्हा बघायची. पण पहाटे दमलेल्या दोघी मायलेकींचा डोळा लागला की तेवढा वेळ ते लेकरू ओल्यात निजायचं.

अकराव्या दिवशी सकाळी त्यानं दूध ओढलं नाही. पाय गार होते. रिक्षा करून नंदुरबार गाठेपर्यंत चेतनानं त्याला पदराखाली धरलं होतं, तरी उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी वजन सांगितलं, फुप्फुसं सांगितली. गोधडीचं नाव कुणीच काढलं नाही. कौसाबाईला कुणी काढायची गरजही नव्हती.

बारसं दुसऱ्या दिवशी होतं, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. सुरतेहून कुंदन रात्री उशिरा आला. उजाडताच नाल्याकाठी खड्डा खणायला माणसं गेली. गुंडाळायला पांढरं कापड हवं होतं, आणि घरात सगळं जांभळं, पोपटी, चमकीचं. दुकान उघडायला अवकाश होता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

मग धनुबाईच हळू आवाजात म्हणाली, "कौसा, ते उखानं धोतर शे ना पेटीमा? काढ ते. आते चालस."

कौसाबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिला ओरडायचं होतं, म्हातारीच्या झिंज्या धरायच्या होत्या. पण धनुबाई स्वतःच थरथरत होती. आणि शपथ ऐकून कात्री खाली ठेवणारी तर कौसाबाईच होती. आता कुणावर ओरडायचं?

ती उठली, पेटी उघडली. कुणीतरी कात्री पुढे केली.

"नको," ती म्हणाली. "मापाचंच शे."