रंगीने खाल्लेली ‘समाप्त’ची पाटी

आमचा पिक्चर चहा निवायच्या आत संपतो. त्याचे किस्से मात्र निगडीच्या आमच्या सोसायटीत अजून संपलेले नाहीत, राव! पार्किंगमध्ये दोघं बोलत उभे राहिले की तिसरा येऊन नवीनच काहीतरी सांगतो.

आधी कारण सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामांची हयात चाकणच्या कंपनीत, पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेली आणि कानही तिथेच गेले. कानाचं मशीन त्यांना सोसत नाही. सोसायटीच्या कार्यक्रमातून ते अर्ध्यात उठायचे. "तुमी हसता, मी तोंडं बघत बसतो," म्हणायचे. एकदा मामी बोलून गेल्या, "चारचौघांबरोबर हसू देत हो त्यांना एकदा." मग आमच्या सचिनने ठरवलं, जुन्या जमान्यातल्यासारखा मूकपट काढायचा. पोरं, जनावरं आणि नुसती पळापळ!

*

शूटिंग तळवड्यात, आमच्या ओळखीतले शेतकरी तानाजीभाऊ यांच्या गोठ्यापुढे. गोष्ट एवढीच, की त्यांची शेळी रंगी पोरांचा डबा पळवते. पण रंगी डब्याकडे ढुंकून बघेना! भाकरी झाली, पाला झाला. सचिन कंपनीत क्वालिटीला, त्यामुळे प्रत्येक टेकला "रिजेक्ट!" मागे वळून बघतो तर रंगीने आमची पुठ्ठ्याची ‘समाप्त’ची पाटी चावून संपवत आणलेली.

तानाजीभाऊ शांतपणे म्हणाले, "तिच्याकडनं पिक्चर संपला."

शेवटी डब्यालाच पुठ्ठा बांधला, तेव्हा कुठे तिने तो पळवला.

*

पोरांचा ताप वेगळाच. "ॲक्शन" म्हटलं की सगळी एकदम किंचाळायची आणि रंगी बुजायची. त्या दिवशी मामा-मामी शूटिंग बघायला आले होते. मामांनी पोरांसमोर उभं राहून दोन्ही हात डोक्यावर उंच केले. प्रेस शॉपच्या आवाजात हीच खूण असायची. म्हणजे माझे हात मशीनच्या बाहेर आहेत, सगळं ठीक, चालवा! पोरांना ती इतकी आवडली की पाणी हवं असलं तरी हात वर. सचिनच्या "ॲक्शन"ला त्यानंतर कुणी विचारलं नाही.

*

आणि बादल! तानाजीभाऊंचा शर्यतीचा बैल. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्याला धरायला चार गडी लागतात. आमच्या पोरांतली पाच वर्षांची ओवी त्याच्या शिंगाला रिबन बांधायला निघाली. बादलने हळूच मान खाली घातली आणि गाठ बसेपर्यंत शेपूटसुद्धा हलवली नाही. एवढं धूड, आणि एवढी समज! आम्ही सगळ्यांनी हात जोडायचेच बाकी होते.

सचिन कुजबुजला, "मी रेकॉर्ड दाबलंच नाही!"

"परत घ्या की," तानाजीभाऊ म्हणाले, "त्याला कुठं शिफ्टला जायचं हाय?"

बादल पुन्हा तसाच उभा राहिला.

*

सोसायटीच्या हॉलमध्ये पांढरी चादर लावून पिक्चर दाखवला. मामा दाराजवळच्या खुर्चीत, पायात चपला घालूनच बसले होते. मामींचं लक्ष पडद्यावर कमी आणि त्यांच्यावर जास्त. रंगीने डबा उचलला आणि हॉलमध्ये सगळ्यात आधी मामा हसले! मग थांबेचनात. मामींनी पदर डोळ्यांना लावला.

पडदा काळा झाला. ‘समाप्त’ची पाटी रंगीच्या पोटात, त्यामुळे संपलं की काय ते कुणाला कळेना. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, तशी ओवीने त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. मग ती मामांसमोर गेली आणि दोन्ही हात डोक्यावर उंच केले. मागोमाग बाकीच्या पोरांनी. मग मामींनी, तानाजीभाऊंनी, सगळ्या हॉलने. फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मामांनी सगळीकडे नजर फिरवली, चष्मा काढून पुसला आणि जोरात म्हणाले, "हळू की रं! केवढा आवाज करताय!"