वहीतून कमी झालेलं घर

वस्तीत तिला सगळे ताईच म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठ्या बायासुद्धा. बालकेंद्रातली सेविका ती. लहान मुलांची वजनं घ्यायची, दंडाचा घेर मोजायचा, हडकुळ्या पोरांच्या आयांच्या हात धुऊन मागे लागायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं तिने ते जीव ओतून केलं. घरी जेवतानाही तिच्या तोंडी कुणाच्या तरी पोराचं वजन असायचं. नवरा म्हणायचा, आपल्याला मुलं किती असं कुणी विचारलं तर एकशे बारा सांगत जा. ती हसायची आणि उरलेलं सांगायला लागायची.

मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत एक शिंपीण राहायची. तिचा दहा महिन्यांचा मुलगा लागोपाठ दोन महिने वजनात घटला. तिसऱ्या वेळी ताईने त्याच्या पावलावर अंगठा दाबून पाहिला, तर खड्डा तसाच राहिला, कुपोषणाची सूज होती ती. तिने तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जायला बजावलं. शिंपीण म्हणाली, तुम्ही चला ना बरोबर, मला तिथलं काही कळत नाही. पण महिन्याचा अहवाल द्यायचा तो शेवटचा दिवस होता. चिठ्ठी दाखवली की झालं, असं सांगून ताई केंद्रात परतली.

शिंपीण दुपारपर्यंत भलत्याच रांगेत उभी राहिली. मुलाला खाट मिळाली तेव्हा दिवस कलला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

ताई भेटायला गेली तेव्हा शिंपिणीने दार लावून घेतलं. केंद्राच्या पर्यवेक्षिकेने कागद तपासले. चिठ्ठी वेळेत, नोंदी चोख, ताईची काही चूक नाही. मग तिने ताईच्या भेटींच्या वहीतून ते घरच कमी केलं. तिथे आता मूल नव्हतं, तेव्हा भेटीचं कारण उरलं नव्हतं.

ताई मात्र दर मंगळवारी बाकीची घरं आटोपून त्या दारापाशी जायची. "मी आलेय," एवढंच म्हणायची आणि थोडा वेळ थांबायची. आत शिवणयंत्र चालू असायचं, ते तिच्या आवाजाने थांबायचं. तिची पाठ फिरली की पुन्हा सुरू व्हायचं. कशाला त्या बाईच्या जखमेची खपली काढतेस, असं नवऱ्याने समजावून पाहिलं. तिलाही कधीकधी तसंच वाटायचं. तरी मंगळवार आला की पाय तिकडेच वळायचे.

वर्ष सरलं. एका मंगळवारी यंत्र थांबलं आणि कडी निघाली. शिंपिणीला पाचवा महिना असावा. नजर वर न करता ती म्हणाली, "बाळंतपणासाठी अजून कुठेच नाव घातलं नाहीये."

"घालू या. उद्याच जाऊ," ताई म्हणाली.

"पण दवाखान्याची वेळ आली तर तुम्ही बरोबर यायचं. चिठ्ठी देऊन पाठवायचं नाही."

वर्षभर मनात घोळवलेलं वाक्य ताईच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं. "त्या दिवशी मी यायला हवं होतं."

"हो, यायला हवं होतं," शिंपीण म्हणाली. तिने ताईची समजूत घातली नाही. ताईलाही ती नको होती.

मुलगी झाली, जराशी अशक्तच. सातव्या महिन्यात तिच्या छातीत कफ भरला, तेव्हा ताई चार दिवस दवाखान्यात बसून होती. अहवाल राहिला. पर्यवेक्षिकेने लेखी खुलासा मागितला. मुलीजवळ होते, एवढीच एक ओळ ताईने लिहून दिली. मुलगी तरली. आता ती दुडुदुडु चालते आणि केंद्रात आली की ताईची खुर्ची बळकावते.

शिंपीण तिला दारात सोडते, कामापुरतं बोलते आणि निघून जाते. अजून एकदाही ती ताईकडे बघून हसलेली नाही. तिने तुला माफ केलं का, असं नवऱ्याने एकदा विचारलं. ताई म्हणाली, "ते मी तिला विचारणार नाही."