दाराजवळचा फळा

पुंडलिकअण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कार्यालयाच्या वेबसाइटवरच्या सोमवारच्या दुरुस्त्या करत होते. चारांपैकी दोन झाल्या होत्या. उरलेल्या दोन त्या दिवशी झाल्याच नाहीत... माझ्या रोजच्या कामांच्या वहीत असं क्वचितच घडतं.

अण्णा आमच्या जोयड्याच्या तालुका कार्यालयात शिपाई होते. दाखल्यांचं काम आणि वेबसाइट सुरळीत करायला माझी इथे बदली झाली. पहिल्याच महिन्यात मी अर्जासोबत लागणाऱ्या कागदांची यादी कन्नड आणि मराठीत चढवली. नऊ कागद, क्रमवार. मला ती फार आवडली होती. अण्णांनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि मला दारापाशी नेलं. तिथे अणशी गावाहून आलेली एक बाई बसली होती. मुलीच्या वसतिगृहासाठी रहिवासी दाखला उद्यापर्यंत द्यायचा, नाहीतर जागा जाणार. ही तिची तिसरी खेप, आणि अडलं होतं सहाव्या कागदावर, जुन्या नोंदीच्या नकलेवर.

"ती नोंद कुठं हाय, अक्का?" अण्णांनी विचारलं.

आपल्याच कपाटात, मी म्हणाले.

"कपाट आपलं, किल्ली माझ्या कमरेला. आणि चालायचं हिनं?"

दुपारच्या बसआधी दाखला बाईच्या हातात होता. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी, जे कागद आमच्याच कपाटात होते, ते यादीतून काढले. चार उरले. साहेबांनी मान्यता दिली, मी वेबसाइट बदलली आणि काम संपलं म्हणून वहीत खूण केली. तरी लोक नऊ कागद गोळा करतच येत राहिले. खिडकीच्या काचेवर जुनी यादी तशीच चिकटलेली होती, आणि गावांत रेंज नाही. "तुमचं पान बरं हाय," अण्णा म्हणाले, "पण ते बघाय डोंगर चढाय लागतंय."

मग त्यांनी एक जुना फळा आणून दाराजवळ टांगला. दर सोमवारी मी मजकूर बदलायचा, त्यांनी तो खडूनं उतरवायचा आणि येईल त्याला वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्यानं उलट काही विचारलं, की अण्णा आत येऊन सांगत, "समजलं न्हाई त्येला. परत लिवा." माझी कितीतरी वाक्यं अशी परत आली... सुरुवातीला राग यायचा. निवृत्तीनंतरही ते सोमवारी आपल्या गावाहून, बाजारकुणंगच्या बसनं येत, चहा घेत आणि आपलं नाव माझ्या वहीत कितवं आहे ते थट्टेनं विचारत.

आता फळा मीच लिहिते. आधी फळा, मग वेबसाइट. गेल्या सोमवारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला यादी वाचून दाखवली. त्यानं पिशवीतले चार कागद चाचपले, माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच?"

"व्हय, एवढंच," मी म्हणाले, आणि हाताचा खडू झटकून आत पान चढवायला गेले.